‘आवड बदलली’ आणि ‘माझं चुकलं’

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मित्राशी वाद झाला. तो म्हणाला, चांगलं-वाईट ज्याचं त्याचं असतं, समाजागणिक आणि काळागणिक बदलतं, तेव्हा कुणी कुणाला नीती शिकवायला जाऊ नये. तुम्हाला हे पटलं नाही. पण तुम्ही देव मानत नाही, आणि मग ‘नीतीचे नियम लिहून ठेवलेत तरी कुठे?’ या त्याच्या पुढच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नव्हतं. आता तुम्ही विचारताय, नीतिमत्ता वस्तुनिष्ठ की व्यक्तिनिष्ठ, एका शब्दात सांगा.

एका शब्दात नाही सांगता येणार. मी सव्वीस वर्षं पदवीच्या वर्गांना नीतिशास्त्र शिकवलं. त्यातली शेवटची अकरा वर्षं एका संशोधन रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर बिगर-वैद्यकीय सदस्य म्हणूनही बसत होते. वर्गात हा प्रश्न दर वर्षी नव्यानं यायचा आणि तासन् तास चालायचा. समितीत तो एकदाही कुणी विचारला नाही. तिथे समोर आलेल्या प्रस्तावाला संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं असे. मी या विषयात जे काही शिकले, ते बरंचसं या दोन खोल्यांमधल्या फरकातून.

तुमच्या प्रश्नात निदान चार वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत, आणि तुमचा मित्र एकाचं उत्तर देऊन दुसरा जिंकतो आहे. ते आधी सोडवून घेऊ.

पहिला प्रश्न सहमतीचा. सगळ्या माणसांचं नीतीबद्दल एकमत आहे का? नाही, उघडच आहे. पण त्यातून फारसं काही निघत नाही. आजार जंतूंमुळे होतात की दूषित हवेमुळे, यावर एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांचं एकमत नव्हतं. म्हणून जंतू काही व्यक्तिनिष्ठ झाले नाहीत. मतभेद आहेत याचा अर्थ एवढाच, की निदान एक बाजू चुकत असू शकते किंवा प्रश्न नीट मांडलेला नाही.

दुसरा प्रश्न परिस्थितीचा. बरोबर-चूक परिस्थितीनुसार बदलतं का? बदलतं, आणि बदलायलाच हवं. औषधाचा मोठ्या माणसाचा डोस लहान मुलाला दिला तर ते घातक ठरेल. डोस वय-वजनाला सापेक्ष आहे, पण डॉक्टरच्या मर्जीला सापेक्ष नाही. नीतीतही तसंच आहे. दारात चाकू घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ‘तो घरात नाही’ असं खोटं सांगणं आणि कर्ज बुडवण्यासाठी खोटं बोलणं यांत फरक आहे, आणि तो परिस्थितीनं पडतो, सांगणाऱ्याच्या मतानं नाही. ‘सापेक्ष’ आणि ‘व्यक्तिनिष्ठ’ हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, आणि या वादातला निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो असं माझं मत आहे.

तिसरा प्रश्न मनाचा. जगात कुणाला मनच नसतं, तर नीती असती का? बहुधा नसती. दगडांच्या जगात क्रौर्य कशाला म्हणणार? पण मनावर अवलंबून असलेली गोष्ट खरी नसते, असं कुठे आहे? तुमची दाढ दुखते, ती दुखण्याला मन लागतंच. तरीही ‘तुमची दाढ दुखते आहे’ हे विधान खरं किंवा खोटं असतं, आणि ‘मला नाही वाटत तुझी दाढ दुखतेय’ असं मी म्हणून ती थांबत नाही.

चौथा प्रश्न खरा. मी एखादं कृत्य योग्य मानलं, म्हणून ते योग्य होतं का? किंवा आम्ही सगळ्यांनी मिळून मानलं, म्हणून? दुसऱ्या शब्दांत, नीतीच्या बाबतीत माणूस, किंवा अख्खा समाज, चुकू शकतो का? वादाचं मर्म इथे आहे. तुमच्या मित्राचे सगळे पुरावे पहिल्या दोन प्रश्नांचे आहेत आणि निष्कर्ष चौथ्याचा.

आता थोडं भाषेकडे बघू. मराठीत वाट चुकते, गणित चुकतं, नेम चुकतो आणि माणसाचं वागणंही चुकतं. या प्रत्येक ठिकाणी आपल्याहून वेगळं असं काहीतरी असतं, ज्याच्यापासून आपण ढळलो. आवड मात्र चुकत नाही. पूर्वी तुम्हाला भडक रंग आवडायचे आणि आता फिके आवडतात, तर तुम्ही ‘माझी आवड बदलली’ म्हणता. ‘दहा वर्षं मी रंगांच्या बाबतीत चुकत होतो’ असं कुणी गंभीरपणे म्हणत नाही. पण दहा वर्षांपूर्वी तुम्ही एखाद्या दुबळ्या माणसाची चारचौघांत टिंगल केली असेल, आणि आज ते आठवून चेहरा तापत असेल, तर ‘माझी टिंगलीची आवड बदलली’ असं तुम्ही म्हणत नाही. तुम्ही म्हणता, ‘माझं चुकलं.’ आणि ते तेव्हाही चुकलंच होतं, तेव्हा मला कळलं नव्हतं, असा त्याचा अर्थ असतो.

‘माझं मन ग्वाही देत नाही’ हेही आपण सहज बोलतो. तुमचा मित्र म्हणेल, बघा, शेवटी मनावरच आलं. पण ग्वाही म्हणजे साक्ष. साक्षीदार घटना घडवत नाही, पाहिलेली सांगतो. त्याची उलटतपासणी होऊ शकते, त्याची नजर अधू असू शकते, त्याला कुणी पढवलेलंही असू शकतं. मनाला साक्षीदार म्हणणं आणि मनाला न्यायाधीश म्हणणं यांत पुष्कळ अंतर आहे.

भाषेवरून एवढंच सिद्ध होतं, की आपण नीतीबद्दल वस्तुनिष्ठ असल्यासारखं बोलतो. ती तशी आहे हे सिद्ध होत नाही. हा भेद ज्यानं सगळ्यात धारदारपणे मांडला तो तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी, १९७७ साली. तो म्हणाला, होय, आपल्या नैतिक बोलण्यात वस्तुनिष्ठतेचा दावा असतो, आणि तो दावा सरसकट खोटा आहे. चेटकिणींबद्दल लोक पूर्ण गांभीर्यानं बोलत होते, पण चेटकिणी नव्हत्या, तसंच हे. तुमच्या मित्राची बाजू खरोखर बळकट करायची असेल तर त्यानं समाजागणिक बदलणाऱ्या रीतिरिवाजांची यादी सोडून द्यावी आणि मॅकीचा हात धरावा. मी त्याच्याकडे परत येते.

आधी रीतिरिवाजांचा मुद्दा, कारण तोच वर्गात सगळ्यात जास्त चालतो. त्याचं एक फार जुनं उदाहरण प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं दिलंय. पर्शियाचा राजा दरायस यानं ग्रीकांना विचारलं, काय घेऊन तुम्ही आपल्या मेलेल्या बापाचं मांस खाल? ते म्हणाले, कशाच्याही बदल्यात नाही. मग कॅलाटी नावाच्या लोकांना बोलावलं, ज्यांच्यात म्हणे तीच रीत होती, आणि विचारलं, काय घेऊन तुम्ही बापाला जाळाल? ते आक्रोश करून म्हणाले, असं अभद्र बोलूही नका. हिरोडोटसचा निष्कर्ष असा, की रूढी हीच सर्वांची राणी.

ही गोष्ट मी वर्गात सांगायचे आणि विचारायचे, दोन्ही बाजू नेमक्या कशावरून हादरल्या? थोड्या वेळानं कुणीतरी म्हणायचंच, की दोघांनाही बापाची विटंबना सहन होत नव्हती. मृताचा आदर करायचा यावर त्यांचं एकमत आहे. आदर कशानं होतो, यावर मतभेद आहे. शब्द वेगळे आणि अर्थ एक, असं इथे झालंय. सगळेच मतभेद असे आतून एकमताचे निघतात असं मी म्हणत नाही. काही मतभेद मुळापर्यंत जातात. पण किती खोल गेलाय हे उकरून पाहिल्याशिवाय ‘त्यांची नीती वेगळी, आपली वेगळी’ म्हणून मोकळं होणं हा आळस आहे.

समितीतलं एक प्रकरण सांगते. तपशील ओळखू येऊ नयेत इतके बदललेत. एका अभ्यासात सहभागी होणाऱ्या वयस्क रुग्णाला त्याचा आजार असाध्य असल्याचं सांगू नये, अशी घरच्यांची विनंती होती. समितीतले एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, नका सांगू, माणूस आशेवर जगतो. वकील सदस्य म्हणाल्या, आजार माहीत नसताना दिलेली संमती ही संमतीच नव्हे. पाऊण तास दोघं आपापल्या जागेवरून हलले नाहीत. ऐकणाऱ्याला वाटावं, ही दोन मूल्यांची टक्कर, करुणा विरुद्ध सत्य, आणि यात बरोबर-चूक असं काही नाही. शेवटी एका परिचारिकेनं विचारलं, ‘त्यांना स्वतःला किती ऐकायचंय, हे कुणी विचारलं का?’ विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हलक्या हातानं विचारलं गेलं. रुग्णाला जवळजवळ सगळं कळलेलं होतं, आणि घरच्यांना धक्का बसू नये म्हणून तेच गप्प होते.

पाऊण तासाचा तो नैतिक वाद एका वस्तुस्थितीवर अडला होता. माझ्या अनुभवात असं खूपदा होतं. वाद नीतीचा वाटतो, पण लोक वेगवेगळ्या जगांची कल्पना करून भांडत असतात. वस्तुस्थिती एक केली, की वादाचा मोठा भाग विरघळतो. मागे जो उरतो तो खरा नैतिक मतभेद, आणि तो आपण समजतो त्याहून लहान असतो.

अमेरिकेत १९७४ साली नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचीही अशीच हकीकत आहे. माणसांवरच्या संशोधनाची तत्त्वं ठरवायला अकरा जण बसवले होते. कुणी वैद्यकातले, कुणी कायद्यातले, कुणी धर्मशास्त्रातले. तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन त्यांच्याबरोबर काम करत होता. त्यानं नंतर नोंदवलं, की एकेका प्रकरणावर ही मंडळी बहुतेक वेळा एकमतानं निर्णय द्यायची, आणि ‘का’ असं विचारलं की फाटायची. प्रत्येकाचं कारण वेगळं, निर्णय एक. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं, कारण आमच्या खोलीतलं चित्र अगदी हेच. सापेक्षतावादी, म्हणजे तुमच्या मित्रासारखा नीती समाजागणिक वेगळी मानणारा, सांगतो त्याच्या बरोबर उलट आहे हे. तो म्हणतो वर वर आपण सारखे दिसतो, आत मुळात वेगळे. इथे निर्णय जुळत होते आणि सिद्धान्त जुळत नव्हते.

तो आयोग नेमावा लागला याचं कारण या प्रश्नाला थेट भिडतं, म्हणून थोडं थांबते. १९३२ पासून १९७२ पर्यंत अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं अलाबामातल्या टस्कीगी इथे सिफिलिसचा एक अभ्यास चालवला. त्यात ३९९ रोगी आणि २०१ निरोगी पुरुष होते, सगळे कृष्णवर्णीय, बहुतेक गरीब शेतमजूर. त्यांना खरा आजार सांगितला नाही, ‘रक्त खराब आहे’ असं सांगितलं. रोग न थांबवता कसा वाढत जातो, हे बघायचं होतं. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेनिसिलिन हा सिफिलिसवरचा नेहमीचा उपचार झाला, तरी तो त्यांना दिला नाही. आणि हे चोरून चाललेलं नव्हतं. या अभ्यासावरचे लेख वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते. म्हणजे त्या वर्तुळात ते मान्य होतं.

आता ‘समाज ठरवेल ते बरोबर’ या मताला इथे काय म्हणता येईल? एवढंच, की तेव्हा त्यांच्यात ते बरोबर होतं, आता आपल्यात चूक आहे. १९६६ मध्ये त्याच सेवेतल्या पीटर बक्स्टन नावाच्या कर्मचाऱ्यानं लेखी हरकत घेतली. वरिष्ठांनी ती बाजूला सारली, आणि १९७२ मध्ये माहिती वर्तमानपत्रांपर्यंत पोचल्यावरच अभ्यास थांबला. सापेक्षतावाद खरा असेल तर १९६६ मध्ये बक्स्टन चुकत होता आणि वरिष्ठ बरोबर होते, कारण त्या वर्तुळाचा संकेत त्यांच्या बाजूनं होता. १९७२ नंतर तो अचानक बरोबर ठरला, आणि तोही मतं फिरली म्हणून. मला हे गिळता येत नाही. त्याच्या हरकतीत जोर होता तो त्या माणसांमुळे, ज्यांना फसवलं जात होतं आणि ज्यांचा आजार बरा होण्यासारखा होता. किती लोक त्याच्याशी सहमत होते, याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

प्रत्येक सुधारकाची हीच अडचण होते. सुधारक सुरुवातीला अल्पमतात असतो, ती त्याची व्याख्याच म्हणा ना. नीती म्हणजे बहुमत असेल तर प्रत्येक सुधारक आपल्या काळात अनीतिमान ठरतो. रूढीला ‘हे चुकतंय’ असं म्हणायला रूढीबाहेरची एखादी जागा लागते. तुमच्या मित्राचं स्वतःचं वाक्य, ‘कुणी कुणाला नीती शिकवू नये’, तेही अशाच जागेवरून बोललेलं आहे. ते सर्वांना लागू असलेलं नैतिक विधान आहे. पण या विसंगतीवर त्याला चीत करायला जाऊ नका. तो सहिष्णुतेची बाजू घेतोय आणि ती घ्यायलाच हवी. फक्त सहिष्णुता हे मूल्य मानायचं असेल, तर निदान एक तरी गोष्ट ‘ज्याची त्याची’ नाही हे त्याला मान्य करावं लागेल.

इथवर काय झालं ते सांगते. सहमती नाही, हे खरं, पण त्यानं काही सिद्ध होत नाही. परिस्थितीनं उत्तर बदलतं, तेही खरं, पण त्याला व्यक्तिनिष्ठ म्हणत नाहीत. ‘समाज मानेल ते’ हे मत सुधारकाजवळ येऊन कोसळतं. ‘मी मानेन ते’ हे त्याहून आधी कोसळतं, कारण मग माझं स्वतःचं कधी चुकूच शकत नाही. आता राहिला मॅकी, आणि तो सोपा नाही.

मॅकी म्हणतो, वस्तुनिष्ठ नैतिक गुणधर्म असतीलच तर ते जगातल्या इतर कुठल्याही वस्तूपेक्षा विलक्षण असले पाहिजेत. दगडाला वजन असतं, पण ‘मला उचल’ अशी आज्ञा दगडात नसते. नैतिक गुणधर्मात मात्र ‘हे कर’, ‘हे करू नको’ अशी मागणी आत भरलेली असावी लागते. अशी वस्तू कुणी पाहिली? आणि ती ओळखायला आपल्याकडे इंद्रिय कुठलं? मागे १७४० साली तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं जी फट दाखवली होती, की नुसत्या ‘आहे’ वरून ‘असायला हवं’ कधीच निघत नाही, तिचाच हा पुढचा अवतार. यात अलीकडे उत्क्रांतीचा मुद्दाही जोडतात. तत्त्वज्ञ शॅरन स्ट्रीटनं तो २००६ मध्ये नेमका मांडला: आपल्या नैतिक भावना टिकून राहायला उपयोगी पडल्या म्हणून घडल्या. त्या सत्याशीही जुळाव्यात, हा निव्वळ योगायोग ठरेल.

मला यावर सगळ्यात समाधानकारक वाटतं ते असं. ‘असायला हवं’ हे फक्त नीतीत नसतं. पुरावा एका बाजूला असेल तर त्या बाजूनं विश्वास ठेवायला हवा, हेही ‘हवं’च आहे. तेही सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. त्याला वजन नाही, त्याला इंद्रिय नाही. विलक्षणपणा हा गुन्हा असेल तर पुराव्याचा नियमही त्याच पिंजऱ्यात उभा राहतो, आणि मग मॅकीचा युक्तिवाद ‘पटायला हवा’ असं म्हणायची सोय खुद्द मॅकीलाही उरत नाही. उत्क्रांतीचंही तेच. मोजता येणं आपल्याला टिकून राहायला उपयोगी पडलं, म्हणून दोन अधिक तीन पाच हे खोटं ठरत नाही.

यानं मॅकी हरतो का? नाही, असं प्रामाणिकपणे म्हणावं लागेल. कुणी म्हणेल, दोन्ही ‘हवं’ टाकून देऊ. ते भयंकर महाग पडेल, पण अशक्य नाही. कुणी मधला रस्ता काढतं. तत्त्वज्ञ ए. जे. एअरनं १९३६ मध्ये म्हटलं, की नैतिक विधानं मुळात खरी-खोटी नसतातच, ती भावनांचे उद्गार असतात: ‘चोरी वाईट’ म्हणजे ‘चोरी, छी!’ यावर पीटर गीच या दुसऱ्या तत्त्वज्ञानं एक साधी अडचण काढली, जी माझ्या विद्यार्थ्यांना भारी आवडायची. ‘चोरी वाईट असेल, तर धाकट्या भावाला चोरी करायला लावणंही वाईट.’ हे वाक्य समजतं, यावरून पुढचा तर्कही करता येतो. पण ‘चोरी, छी! असेल तर’ याला काय अर्थ? उद्गाराला ‘जर-तर’ जोडता येत नाही. या एका अडचणीवर आजवर ढीगभर लिखाण झालंय, आणि भावनावाद्यांची आताची रूपं एअरपेक्षा कितीतरी चतुर आहेत.

तत्त्वज्ञ स्वतः काय मानतात, हे जाता जाता सांगते, कारण ‘सगळे विचारवंत नीती सापेक्षच मानतात’ असा एक समज पसरलाय. फिलपेपर्स या तत्त्वज्ञानाच्या संकेतस्थळाच्या २०२० च्या सर्वेक्षणात सुमारे ६२ टक्के तत्त्वज्ञांचा कल नैतिक वास्तववादाकडे, म्हणजे नीतीतलं खरं-खोटं आपल्या मानण्यावर ठरत नाही या मताकडे होता, सुमारे २६ टक्क्यांचा विरुद्ध बाजूला. बहुमतानं सत्य ठरत नाही हे मी वरच सांगितलंय, तेव्हा याचा पुरावा म्हणून उपयोग करू नका. तेवढा समज काढून टाकायला पुरे.

आता तुमचा अडलेला प्रश्न: देव नाही, तर नियम लिहून ठेवलेत कुठे? हे कोडं देव मानणाऱ्यालाही सुटलेलं नाही. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिसनं युथिफ्रो नावाच्या माणसाला विचारलं होतं, पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं, की देवांना आवडतं म्हणून पवित्र? दुसरं म्हणाल तर देवाच्या लहरीवर नीती आली, उद्या त्याला क्रौर्य आवडलं तर क्रौर्य पवित्र. पहिलं म्हणाल तर चांगलं-वाईट देवाच्याही आधीचं ठरलं. म्हणजे तुम्ही आणि आस्तिक एकाच बाकावर आहात. आणि ‘कुठे लिहिलंय’ हा प्रश्नच मला थोडा आडवळणाचा वाटतो. तर्काचे नियम कुठे लिहिलेत? पुस्तकांत लिहिलेत, पण पुस्तकांनी ते केले नाहीत.

मुलांबद्दलचं एक संशोधन इथे उपयोगी आहे. मानसशास्त्रज्ञ एलियट टुरिएल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून लहान मुलांना दोन प्रकारचे प्रश्न विचारले. बाईंनी परवानगी दिली तर वर्गात ठरवून दिलेला पोशाख न घालता आलं तर चालेल का? चालेल, म्हणतात. बाईंनी परवानगी दिली तर दुसऱ्या मुलाला मारलेलं चालेल का? नाही चालणार. का? त्याला लागतं. अगदी तीन-चार वर्षांची मुलंही हा भेद करू लागतात. संकेत आणि नीती यांच्यातली ही रेघ सगळ्या समाजांत तंतोतंत त्याच जागी पडते का, यावर नंतर बराच वाद झाला, आणि काही समाजांत ती सरकलेली दिसते. तरी ‘त्याला लागतं’ हे कारण बाईंच्या परवानगीनं पुसलं जात नाही, हे त्या वयात समजतं, याचं मला फार अप्रूप आहे. माझ्या मते नीतीतली वस्तुनिष्ठता शोधायची तर तिथेच, त्या कारणात. दुसऱ्याला लागतं ही गोष्ट माझ्या मतावर अवलंबून नाही, आणि ती माझ्या वागण्याविरुद्धचं एक कारण आहे, हेही माझ्या मतावर अवलंबून नाही.

मी स्वतः कुठे उभी आहे, ते यावरून कळलंच असेल. निर्णय नेहमी कुणीतरी माणूसच घेतो, त्या अर्थानं तो व्यक्तीचा असतो. पण निर्णयामागची कारणं त्या व्यक्तीच्या मालकीची नसतात. ती चार लोकांपुढे ठेवता येतात, तपासता येतात, खोडता येतात. याला कुणी ‘वस्तुनिष्ठ’ म्हणावं, कुणी आणखी कुठलं नाव द्यावं, माझी हरकत नाही. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर असतं, असं मात्र मला वाटत नाही. म्हाताऱ्या आईवडिलांजवळ राहायचं की दूर जाऊन आयुष्यभराचं काम उभं करायचं, यात दोन चांगली उत्तरं असू शकतात. पण तिसरं, त्यांना फसवून त्यांची पुंजी घेऊन जाणं, हे त्या दोनांच्या पंगतीत बसत नाही. उत्तरं एकाहून जास्त असणं आणि कुठलंही उत्तर चालणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्याही हातून चुका झाल्या, त्यातली एक सांगते. औषधचाचणीत भाग घेणाऱ्यांना चांगला मोबदला द्यावा, असा एक प्रस्ताव समितीपुढे आला. मी जोरात विरोध केला. गरीब माणूस पैशाच्या मोहानं जोखीम घेईल, हे मला शोषण वाटत होतं. प्रस्ताव पडला, रक्कम नाममात्र झाली. दोनेक वर्षांनी अशाच चर्चेत समितीत नव्यानं आलेली एक सदस्य, जी पूर्वी स्वतः अशा चाचणीत सहभागी झाली होती, मला म्हणाली, ‘जोखीम आमची तेवढीच राहिली ताई, फक्त पैसे कमी मिळाले. तुमचं मन स्वच्छ राहिलं, एवढाच फायदा.’ मी त्या रात्री नीट झोपले नाही. जोखीम जर गैर होती तर ती चाचणीच नाकारायला हवी होती. जोखीम मान्य करायची आणि मोबदला कापायचा, यात मी कुणालाच वाचवलं नव्हतं. यानंतर ‘माझं मत बदललं’ असं मी सांगू शकले असते. ते खोटं झालं असतं. मी चुकले होते, आणि ती बरोबर होती. आमच्या दोघींच्या मतांखेरीज जगात काहीच नसतं, तर या वाक्याला अर्थच उरला नसता.

मित्राशी पुन्हा बोलणं होईल तेव्हा हिरोडोटस, मॅकी काही काढू नका. त्याला एवढंच विचारा, की आजही आठवली तर लाज वाटते अशी तुझ्या हातून घडलेली एखादी गोष्ट आहे का. ती सांगायची गरज नाही, मनात धरली तरी पुरे. तो म्हणेल, हो, पण ती लाज म्हणजे माझ्यावरचे संस्कार, नुसती एक भावना. मग विचारा, ती भावना कायमची घालवणारी गोळी मिळाली तर घेशील?

हा प्रश्न मी वर्गात अनेक वर्षं विचारला. डोकेदुखीची गोळी कुणीही घेतं. या गोळीला बहुतेक जण नाही म्हणायचे, आणि का ते सांगताना अडखळायचे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलानं ठामपणे ‘हो, घेईन’ म्हटलं. सगळे हसले. मी पुढचा मुद्दा सुरू केला, तर त्यानं पुन्हा हात वर केला. म्हणाला, ‘मॅडम, आधी जाऊन तिची माफी मागून येतो. मग घेतो.’